एन्डोसोममधलं पडदा-प्रथिन: जागा कशी ठरवायची, बदल कसा ओळखायचा

आधी प्रश्न थोडक्यात. एन्डोसोम म्हणजे पेशीने बाहेरून आत घेतलेला माल निवडणाऱ्या पिशव्या, आणि लायसोसोम म्हणजे तो पचवणाऱ्या. जळगावच्या एका संशोधक विद्यार्थिनीने हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) सात वेळा पडदा ओलांडणारा एक रिसेप्टर (संदेश पकडणारं पडदा-प्रथिन) व्यक्त केला आहे, म्हणजे पेशीला तो बनवायला लावला आहे. त्याच्या बाहेरच्या टोकाला एचए टॅग (अँटीबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) आहे आणि आतल्या शेपटीला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन). पेशीत ठिपके दिसतात. ते ईईए१ शी (सुरुवातीच्या एन्डोसोमची खूण) अर्धेमुर्धे जुळतात आणि लॅम्प१ शीही (लायसोसोमची खूण) थोडेफार. हिशोबाने वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याची पद्धत) ६९ किलोडाल्टनला पट्टा यायला हवा (रिसेप्टर ४२, जीएफपी २७). प्रत्यक्षात ७५ च्या आसपास एक बारीक पट्टा येतो, ९० ते ११० मध्ये एक पसरट पट्टा येतो आणि जेलच्या विहिरीतच काळा गोळा अडकतो. त्यात मार्चमधले आणि मेमधले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. तिचं विचारणं असं: प्रथिन नक्की कुठल्या एन्डोसोममध्ये आहे, आणि वरचे पट्टे युबिक्विटिनचे (दुसऱ्या प्रथिनांवर खूण म्हणून लागणारं छोटं प्रथिन) समजायचे का?

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण पेशीच्या दृष्टीने ते एकच आहेत. पडद्यातलं प्रथिन पुढे कुठे जाणार हे त्याच्या शेपटीवर काय लागलंय यावर ठरतं, आणि शेपटीवर काय लागणार हे ते त्या वेळी कुठे आहे यावर. म्हणून एका वेळेचा एक फोटो आणि एक ब्लॉट यांवरून उत्तर निघणार नाही. वेळ मोजावी लागेल.

रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. पेशीपटलावरून क्लॅथ्रिन या प्रथिनाचं अस्तर असलेल्या खड्ड्यातून आत आलेलं प्रथिन काही मिनिटांत सुरुवातीच्या एन्डोसोममध्ये पोचतं. तिथे रॅब५ असतं (एन्डोसोमचा प्रकार रॅब प्रथिनांवरून ओळखतात), पीआय३पी हे लिपिड असतं आणि त्या लिपिडाला धरून बसलेलं ईईए१ असतं. आतला पीएच ६ ते ६.५. तिथून तीन मुख्य वाटा फुटतात. रॅब४ किंवा रॅब११ च्या मार्गाने परत पृष्ठभागावर, रेट्रोमर या प्रथिन-संचाच्या नळ्यांमधून गॉल्जीकडे (प्रथिनांची छाननी करून पाठवणी करणारा भाग), नाहीतर रॅब७ असलेल्या उशिराच्या एन्डोसोममधून (पीएच सुमारे ५.५) लायसोसोममध्ये, जिथे पीएच ४.५ ते ५ असतो आणि कॅथेप्सिन ही प्रथिनं कापणारी एन्झाइम वाट बघत असतात.

पीएच हा इथे नुसता आकडा नाही, काम करणारा हात आहे. एलडीएलचा (रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारा कण) रिसेप्टर घ्या. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, ते हेच. रिसेप्टर एलडीएल घेऊन आत येतो, आम्लतेमुळे एलडीएल सुटतं आणि रिसेप्टर मोकळा होऊन वर जातो. कापसाची गाडी जिनिंगमध्ये रिकामी करून परत गावाकडे निघावी तसं. अशी एक फेरी साधारण १० मिनिटांची. पीसीएसके९ हे प्रथिन मात्र आम्लात रिसेप्टरला आणखीच घट्ट धरतं. मग गाडी परत येत नाही, थेट मोडीत निघते. ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा प्रकार तिसरा: आम्लात लोह सुटतं, पण रिकामं ट्रान्सफेरिन रिसेप्टरला चिकटूनच वर येतं आणि बाहेरच्या ७.४ पीएचला सुटतं. म्हणून ट्रान्सफेरिन हा परतीच्या वाटेचा उत्तम मार्गदर्शक आहे.

आता तुमच्या, म्हणजे या विद्यार्थिनीच्या, बांधणीकडे (टॅग जोडून बनवलेल्या रिसेप्टरकडे). मला सगळ्यात जास्त शंका शेपटीच्या जीएफपीची आहे. तुमच्या रिसेप्टरची शेवटची चार अमिनो आम्लं कोणती ते बघा. अनेक रिसेप्टरांच्या अगदी टोकाला पीडीझेड प्रथिनांनी धरायचा तुकडा असतो. बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरमध्ये तो डीएसएलएल (चार अमिनो आम्लांची अक्षरं) आहे. एसएनएक्स२७ हे प्रथिन हा तुकडा ओळखतं आणि रेट्रोमरच्या मदतीने रिसेप्टर परत वर पाठवतं. पकडायला टोक मोकळंच लागतं. त्यावर जीएफपी बसवलं तर परतणारा रिसेप्टर लायसोसोमकडे वळतो, आणि लॅम्प१ शी दिसणारी जुळणी ही तुम्हीच तयार केलेली असू शकते. तेव्हा पहिलं काम: जीएफपी नसलेली, फक्त बाहेरच्या टोकाला एचए असलेली बांधणी करा आणि दोन्ही शेजारी-शेजारी तपासा. हे केल्याशिवाय पुढच्या कशावरही पैसे घालू नका.

दुसरी शंका प्लाझ्मिडच्या (रिसेप्टरचा जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या) मात्रेची. १२ विहिरींच्या प्लेटमध्ये १ मायक्रोग्रॅम टाकलं की पेशी इतकं प्रथिन बनवते की वाहतुकीची यंत्रणाच तुंबते. ०.२५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा, उरलेलं वजन रिकाम्या प्लाझ्मिडने भरा, १६ ते २४ तासांत फिक्स करा (रसायनाने जागच्या जागी थिजवा), आणि फोटोसाठी अंधुक पेशी निवडा. चमकदार पेशी मोहात पाडतात, पण खोटं त्याच बोलतात. बनण्याच्या वाटेवरचं, ईआर (एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम, जिथे पडद्याची प्रथिनं बनतात) आणि गॉल्जीतलं प्रथिन बाजूला काढायचं असेल तर सायक्लोहेक्झिमाइड (नवं प्रथिन बनणं थांबवणारं औषध) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २ तास. त्यानंतरही जे ठिपके उरतात त्यांना महत्त्व द्या.

जागा ठरवण्यासाठी तुमच्याकडे हाताशी सोन्यासारखी सोय आहे: एचए टॅग पेशीच्या बाहेर आहे. म्हणजे जिवंत पेशीला अँटीबॉडी खाऊ घालता येते. मीडियम काढा, पेशी बर्फावर आणा, एचए अँटीबॉडी ३० ते ४५ मिनिटं द्या, थंड पीबीएसने (मिठाचं बफर) तीनदा धुवा. आता फक्त पृष्ठभागावरचे रिसेप्टर खुणावले गेले. मग ३७ अंशांचं मीडियम घालून ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना एकेक कव्हरस्लिप थांबवा. रिसेप्टर लायगंडनेच (त्याला येऊन चिकटणाऱ्या रेणूने) आत जाणारा असेल तर लायगंड या ३७ अंशांच्या मीडियममध्ये घाला. पृष्ठभागावर उरलेली अँटीबॉडी आम्लाने काढा: ०.२ मोलर ॲसेटिक ॲसिड, ०.५ मोलर मीठ, बर्फावर ५ मिनिटं, मग लगेच फिक्स. शून्य मिनिटाची एक कव्हरस्लिप आम्ल देऊन आणि एक न देता ठेवायलाच हवी. आम्लानंतर शून्याला काहीच दिसत नसेल, तरच ५ मिनिटांचे ठिपके आतले आहेत असं म्हणता येतं.

बर्फाबद्दल एक बारीक गोष्ट. बर्फाच्या ढेकळांवर प्लेट ठेवली की तळाखाली हवा राहते आणि पेशी १५ अंशांच्या वर असतात. त्या तापमानाला प्रथिन आत शिरतं आणि सुरुवातीच्या एन्डोसोममध्ये अडकून राहतं, त्यामुळे तुमचा शून्य मिनिटाचा नमुना खोटा पडतो. बर्फात पाणी घालून चिखल करा, त्यावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी ठेवा आणि पट्टीवर प्लेट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हा चिखल दर १५ मिनिटांनी बघावा लागतो. पीबीएस फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलेलं चालत नाही, ते त्याच बर्फात ठेवा.

सोबत ट्रान्सफेरिन द्या. त्याआधी ३० ते ६० मिनिटं सीरमशिवाय ठेवा, कारण सीरममधलं ट्रान्सफेरिन स्पर्धा करतं. रंगीत ट्रान्सफेरिन २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ५ मिनिटांत ते सुरुवातीच्या एन्डोसोममध्ये, ३० मिनिटांत केंद्रकाजवळच्या परतीच्या एन्डोसोममध्येही दिसेल. तुमचा रिसेप्टर ५ मिनिटांना ट्रान्सफेरिनसोबत आणि ६० मिनिटांना लॅम्प१ सोबत असेल, तर तो खाली उतरतोय. ३० मिनिटांनंतरही ट्रान्सफेरिनसोबतच असेल तर तो परततोय. तुमच्या आत्ताच्या फोटोत दोन्ही खुणांशी अर्धवट जुळणी दिसते, कारण त्यात सगळ्या वेळा एकात एक मिसळल्या आहेत. ती चूक रंगवण्यातली नाही.

फिक्स करायला ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, १५ मिनिटं, मग ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड १० मिनिटं. मिथेनॉल नको, त्याने लिपिडं धुतली जातात आणि परतीच्या बारीक नळ्या तुटून ठिपके बनतात. छिद्रं पाडायला ट्रायटनऐवजी सॅपोनिन ०.०५ ते ०.१ टक्का. सॅपोनिनची छिद्रं ते काढलं की मिटतात, म्हणून अँटीबॉडीच्या आणि धुण्याच्या प्रत्येक द्रावणात ते असलंच पाहिजे. पहिल्या अँटीबॉडीत घातलं आणि दुसरीत विसरलं, तर आतलं काहीच दिसत नाही आणि माणूस अँटीबॉडीला दोष देतो.

एन्डोसोमच्या आत म्हणजे नक्की कुठे, हाही प्रश्न आहे आणि तो फार कमी जण विचारतात. एन्डोसोमच्या बाहेरच्या पडद्यावर असलेल्या रिसेप्टरची शेपटी अजून पेशीद्रवातच असते, म्हणजे संदेश चालू असतो. पडदा आत दुमडून त्याची छोटी पिशवी एन्डोसोमच्या पोटात सुटली की शेपटी कोंडली जाते आणि संदेश बंद पडतो. साधा एन्डोसोम १०० ते ५०० नॅनोमीटरचा, प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० च्या आसपास, त्यामुळे कडा आणि पोट वेगळं दिसत नाही. यावर जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे रॅब५ चं क्यू७९एल हे सदोदित चालू राहणारं रूप व्यक्त करणं. एन्डोसोम फुगून १ मायक्रोमीटरच्या वर जातात. प्रथिन कडेला असेल तर अंगठी दिसते, पोटातल्या पिशव्यांवर असेल तर भरीव गोळा. हे एन्डोसोम नैसर्गिक नाहीत हे लक्षात ठेवून अंगठी की गोळा, एवढंच त्यातून वाचा. वेळेचे आकडे त्यातून काढू नका.

या आत दुमडण्याचा हुकूम म्हणजे युबिक्विटिन. रिसेप्टरच्या शेपटीतल्या लायसिन या अमिनो आम्लावर युबिक्विटिन लागतं, बहुतेक वेळा के६३ जोडणीची (युबिक्विटिनच्या ६३ व्या लायसिनवरून जोडलेली) साखळी. एचआरएस हे प्रथिन एका हाताने पीआय३पी धरतं आणि दुसऱ्या हाताने युबिक्विटिन. मग एस्कॉर्ट नावाचे प्रथिनांचे पुढचे संच येतात, एस्कॉर्ट-३ पडद्याची मान आवळतं आणि व्हीपीएस४ हे एटीपी खर्चून संच सोडवतं. मान बंद होण्याआधी एएमएसएच आणि यूएसपी८ हे एन्झाइम युबिक्विटिन काढून घेतात, म्हणजे ते वाया जात नाही. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: जो रिसेप्टर पोटात गेलाय त्यावर युबिक्विटिन सापडणार नाही. लायसोसोममध्ये भरपूर प्रथिन दिसतं पण युबिक्विटिन नाही, हा विरोधाभास नाही. युबिक्विटिन बघायचं तर लायगंड दिल्यावर २ ते १५ मिनिटांत बघा. मात्राही महत्त्वाची आहे. ईजीएफ रिसेप्टर १ ते २ नॅनोग्रॅम प्रति मिली ईजीएफला बहुतांशी परततो, तर २० ते १०० ला त्यावर युबिक्विटिन लागतं आणि तो नष्ट होतो.

आता तुमचा ब्लॉट. युबिक्विटिनवर जाण्याआधी साधी कारणं संपवा. विहिरीतला काळा गोळा बहुतेक उकळण्यामुळे आहे. अनेक वेळा पडदा ओलांडणारी प्रथिनं ९५ अंशांना एकमेकांना चिकटतात. तोच नमुना ३७ अंशांना ३० मिनिटं ठेवून चालवा. गोळा गेला तर प्रश्न मिटला. ९० ते ११० चा पसरट पट्टा मला साखरेचा वाटतो. पीएनजेज एफ (साखर कापणारं एन्झाइम) दिल्यावर तो ७० च्या आसपास उतरला तर ते ग्लायकोसिलेशन, म्हणजे साखर लागणं. एन्डो एच (फक्त अपक्व साखर कापणारं एन्झाइम) दिल्यावर ७५ चा बारीक पट्टा उतरला आणि पसरट तसाच राहिला, तर बारीक पट्टा ईआरमधल्या अपक्व प्रथिनाचा आणि पसरट पट्टा गॉल्जी ओलांडलेल्याचा. ही साखर ईआर आणि गॉल्जीत लागते, एन्डोसोममध्ये नाही. एन्डोसोममध्ये होणारे बदल वेगळे: युबिक्विटिन लागणं-निघणं, फॉस्फेट लागणं-निघणं आणि काप जाणं.

शेवटचा बदल दुर्लक्षू नका. टीएलआर९ हा रिसेप्टर एन्डोलायसोसोममध्ये (एन्डोसोम आणि लायसोसोम मिळून बनलेली पिशवी) कॅथेप्सिनने कापला जातो आणि मगच काम करतो. एमएचसी वर्ग २ या रोगप्रतिकारातल्या प्रथिनासोबतची इनव्हेरिअंट साखळी तिथेच टप्प्याटप्प्याने कापली जाते. अमायलॉइडचं मूळ प्रथिन कापणारं बेस-१ हे एन्डोसोमच्या आम्लातच जोरात चालतं. म्हणून ब्लॉट खालीही बघा. जीएफपीची अँटीबॉडी लावून २७ ला एकटा पट्टा येत असेल, तर रिसेप्टर लायसोसोममध्ये पोचून चिरडला गेलाय आणि चिवट जीएफपी तेवढं उरलंय. याच कारणाने, टॅग बदलायचा विचार असेल तर एमचेरी या लाल चमकणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत सावध राहा. ते आम्लात विझत नाही आणि लवकर पचत नाही, त्यामुळे रिसेप्टर संपल्यावरही लायसोसोम लालभडक दिसतात. जीएफपी उलट ६ पीएचच्या खाली मंदावतं. शेपटीचं जीएफपी पेशीद्रवाकडे असेपर्यंत ठीक, पोटातल्या पिशवीसकट लायसोसोमच्या आम्लात पोचलं की अंधुक होतं. फिक्स करण्याआधी जिवंत पेशींना २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड दिल्यावर नवे ठिपके उजळले, तर ते आम्लात लपलेले होते.

एवढं झाल्यावर युबिक्विटिन. पेशी थेट १ टक्का एसडीएसमध्ये (तीव्र डिटर्जंट) विरघळवा, त्यात ताजं एन-एथिलमॅलिइमाइड (एनईएम) १० ते २० मिलिमोलर आणि ईडीटीए ५ मिलिमोलर. एनईएम सिस्टीनवाले युबिक्विटिन-काढू एन्झाइम मारतं, पण एएमएसएच जस्तावर चालतं, त्याला ईडीटीए लागतं. या टप्प्यावर डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालू नका, ते एनईएम खाऊन टाकतं. ३७ अंशांना २० मिनिटं, सुईतून ओढून डीएनए तोडा, मग १ टक्का ट्रायटनच्या बफरने दहापट पातळ करा आणि एचए अँटीबॉडीने रिसेप्टर ओढून वेगळा करा. एसडीएसचा टप्पा गाळला तर रिसेप्टरला चिकटून आलेल्या दुसऱ्या प्रथिनांचं युबिक्विटिन तुमच्या खात्यात जमा होतं. शेपटीतले सगळे लायसिन आर्जिनिन केलेलं रूप नियंत्रण म्हणून ठेवा. युबिक्विटिन ८.५ किलोडाल्टनचं, त्यामुळे खरा संकेत वर चढत जाणारा धुरकट पट्टा असतो आणि लायसिन-विना रूपात तो नाहीसा होतो.

औषधांचा अर्थ लावतानाही घसरण होते. लायसोसोमची आम्लता घालवणारं बॅफिलोमायसिन (१०० नॅनोमोलर, ४ ते ६ तास) दिल्यावर रिसेप्टर वाढला तर तो लायसोसोममध्ये नष्ट होत होता. एमजी-१३२ ने वाढला म्हणून प्रोटिएसोमचं (युबिक्विटिन लागलेली प्रथिनं मोडणारं पेशीद्रवातलं यंत्र, जे हे औषध बंद पाडतं) नाव घेऊ नका. प्रोटिएसोम बंद पडला की मोकळं युबिक्विटिन संपतं आणि एन्डोसोममधली निवडही थांबते, म्हणजे लायसोसोमचा रस्ताही त्याच औषधाने अडतो.

मार्च आणि मेचा फरक. इन्क्यूबेटर गरम करतो, थंड करत नाही. ३७ अंश राखायला खोली निदान ५ अंशांनी थंड हवी. जळगाव-भुसावळला मेमध्ये बाहेर ४४-४५ असताना रात्री एसी बंद केला, तर आतलं तापमान ३९-४० वर सरकतं आणि इन्क्यूबेटरच्या स्क्रीनवरचा आकडा नेहमीच खरं सांगत नाही. आत पाण्याच्या भांड्यात वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पहाटे व दुपारी नोंदवा. उष्णतेच्या ताणात पेशीत युबिक्विटिन लागलेल्या प्रथिनांचं एकूण प्रमाणच वाढतं, म्हणून मेमधल्या ब्लॉटवरचा जादा धूर रिसेप्टरचा नसून हवामानाचा असू शकतो. त्या दिवशीच्या रिकाम्या प्लाझ्मिडच्या पेशींचा पूर्ण लायसेट (पेशी विरघळवून केलेलं द्रावण) शेजारी चालवला की हे एका नजरेत कळतं. वीज गेली की कार्बन डायऑक्साइड थांबतो आणि मीडियम गुलाबी-जांभळं होतं. प्रयोगाच्या मीडियममध्ये २० मिलिमोलर हेपेस (पीएच राखणारं बफर) घाला. पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र) उन्हाळ्यात पेशी मागवल्या असतील तर पोचल्यावर दोन-तीन पॅसेज (नव्या प्लेटमध्ये वाढवणं) होईपर्यंत वाहतुकीचे प्रयोग लावू नका.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक जवळ नसेल तर फिक्स केलेल्या स्लाइड पुण्या-मुंबईला नेता येतात. कडक होणारं माउंटिंग वापरा, रात्रभर सुकू द्या, डबा थंड ठेवा पण गोठवू नका. तिथे पिक्सेल १०० नॅनोमीटरपेक्षा लहान ठेवा, एकही पिक्सेल पांढरा फटक होऊ देऊ नका, आणि एकाच रंगाने रंगवलेल्या स्लाइड सोबत न्या, नाहीतर एका चॅनेलचा प्रकाश दुसऱ्यात झिरपलाय की नाही हे परत आल्यावर कळणार नाही. जुळणी मोजताना मँडर्स गुणांक (एका रंगाचा किती भाग दुसऱ्या रंगावर पडतो तो आकडा) काढा, आणि एक चॅनेल ९० अंशांत फिरवून पुन्हा काढा. दुसरा आकडा ही योगायोगाची पातळी. प्रत्येक वेळेला ३० पेशी, तीन स्वतंत्र दिवस. सांख्यिकीत एन म्हणजे ३ दिवस, ९० पेशी नव्हेत.

एन्डोसोमच्या पोटातल्या पिशव्यांचा विषय निघाला आहे आणि आपण खान्देशात आहोत, म्हणून एक गोष्ट सांगतोच. १९८३ मध्ये अपक्व लाल पेशींवर काम करताना दिसलं की पक्व होताना ती पेशी ट्रान्सफेरिन रिसेप्टर याच पिशव्यांत भरते आणि पिशव्या बाहेर सोडते. त्यांनाच पुढे एक्सोसोम म्हणू लागले. रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापला जाऊन रक्तात फिरतो आणि त्याची चाचणी लोहाच्या कमतरतेसाठी वापरतात, कारण जंतुसंसर्ग-सूज असताना फेरिटिन (लोहसाठा दाखवणारं प्रथिन) खोटं वाढतं, हा तसा वाढत नाही. पण नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्तीत जिथे सिकलसेल आहे, तिथे हा आकडा जपून वाचावा लागतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मोडतात, अस्थिमज्जा जास्त जोराने नव्या बनवते, आणि लोह पुरेसं असूनही हा रिसेप्टर रक्तात वाढतो. तेवढ्यावरून लोहाच्या गोळ्या सुरू करणं चुकीचं ठरेल, कारण वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात लोह आधीच साचलेलं असू शकतं.

तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात ३७ अंशांचा नमुना आणि पीएनजेज एफ, कारण दोन्ही आहे त्या लायसेटवर होतं. त्याच वेळी जीएफपी नसलेली बांधणी क्लोनिंगला टाका. ती हातात आली की अँटीबॉडी खाऊ घालण्याचा प्रयोग, पाचही वेळांसह. युबिक्विटिनचा प्रयोग त्यानंतर, आणि तो कोणत्या मिनिटाला करायचा हे तुम्हाला आधीच्या प्रयोगातून कळलेलं असेल.